नुसतं नाव चालणार नाही

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. जुना म्हटलं की लोक लगेच "बिचारा" म्हणतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो: मी बिचारा नाही. मला रंग नाही, चित्र नाही, दाबायला बटण नाही. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं, एवढाच माझा चेहरा. तुम्ही आज्ञा टाइप करायची आणि मी ती पाळायची, किंवा उलट प्रश्न विचारायचा. या उलट प्रश्नांमुळे मला "हेकट" हे नाव पडलं. ते मी अजून मानाने वागवतो.

माझी लांबी दोनशे चौदा ओळी. मुक्काम एका कार्यशाळेत, जिथे कृत्रिम पाय तयार होतात. दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत प्लास्टरची पोती, प्लास्टिकचा पत्रा मऊ करायची भट्टी आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेली रबरी पावलं. बाहेरच्या खोलीत चालायला शिकण्यासाठी दोन समांतर दांड्या, समोर मोठा आरसा आणि खिडकीखाली माझा कॉम्प्युटर. त्याच्या कीबोर्डवर प्लास्टरची पांढरी भुकटी कायम असते. मी या घरचाच आहे, हे त्या भुकटीवरून ओळखावं.

माझं काम फायली सांभाळण्याचं. फायली मात्र त्या कॉम्प्युटरमध्ये नसतात. त्या दूर कुठल्यातरी इमारतीत, कपाटाएवढ्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. लोक त्याला क्लाउड म्हणतात. तिथे ढगबिग काही नाही. मी रोज जाऊन येतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

मला घडवलं ते कार्यशाळेच्या मास्तरांच्या पुतणीने. ती पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच मोकळी झाली होती आणि काकांकडे चार महिने राहायला आली होती. मास्तर पाय बनवण्यात पक्के, पण फायलींच्या बाबतीत त्यांचा आनंदी आनंद. गुडघ्याखाली उरलेल्या पायाचं माप ते हातातल्या स्कॅनरने घेत आणि क्लाउडवर टाकून देत. फाइलला नाव काय, तर माणसाचं टोपणनाव आणि बाजू. "दर्जी-उजवा". "पत्रवाली-डावा". झालं.

यात एक मेख होती. मास्तर प्रत्येकाचं माप दोनदा घेत. एकदा सकाळी आठच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर. कारण उरलेला पाय दिवसभर एकाच मापाचा राहत नाही. उभं राहून, चालून त्यातलं पाणी दाबलं जातं आणि संध्याकाळपर्यंत तो थोडा बारीक होतो. फरक काही मिलिमीटरचा. पण पाय ज्या कपात बसतो, त्या सॉकेटला मिलिमीटर कळतो. मास्तर दोन्ही मापं समोर ठेवत आणि सॉकेट त्या दोघांच्या मधोमध बेतत. सकाळी पातळ मोजा, संध्याकाळी जाड मोजा, की पाय दिवसभर चालतो.

आणि या दोन्ही फायलींना ते एकच नाव देत.

"काका, निदान मागे सकाळ-संध्याकाळ तरी लिहा," पुतणी म्हणाली.

"माणूस एक, नाव एक. तुला शाळेत सकाळी एका नावाने आणि संध्याकाळी दुसऱ्या नावाने हाक मारायचे का?"

"मग ओळखायची कशी, कोणती कोणती?"

"उघडून बघायची. डोळे कशाला दिलेत?"

तीस वर्षांची सवय. ती मोडणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. घरच्या कॉम्प्युटरवर असं केलं असतं, तर दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसली असती आणि पहिली कायमची गेली असती. क्लाउडचं मात्र वेगळं आहे. तिथे एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कारण क्लाउड नावावर विसंबतच नाही. प्रत्येक फाइलला तो स्वतः एक ओळखक्रमांक देतो, तेहतीस अक्षरं-आकड्यांचा. तो कधी दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

हे कळल्यावर पुतणीने काकांची सवय बदलायचा नाद सोडला आणि मला लिहायला घेतलं. माझ्या आज्ञाही तिने मास्तरांच्या तोंडच्या ठेवल्या: यादी, चढव, उतरव, हलव, परत-आण आणि पुस. "यादी" म्हटलं की मी नाव, वेळ आणि ठसा दाखवतो. ठसा म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, जसा अंगठ्याचा असतो. आत एक आकडा बदलला तरी ठसा बदलतो. आणि "पुस" म्हटलं की मी आधी विचारतो, कोणती? ओळखक्रमांक द्या. तो दिला, तरी मी त्याची शेवटची चार अक्षरं हाताने टाइप करायला लावतो. या जागी माझ्या पोटात तिने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली आहे: "इथे कंटाळा करू नकोस. पुसणं सोपं केलंस तर पस्तावशील."

सुरुवातीला मी चुकलोही. तेही सांगतो, नाहीतर म्हणाल, फार मिजास करतो. एक दिवस मास्तरांनी यादी मागितली आणि मी बरोब्बर शंभर फायली दाखवल्या. असायला हव्या होत्या दोनशे सहा. मास्तरांचा चेहरा त्यांच्या प्लास्टरसारखा झाला. पुतणीने तासभर डोकं खाजवलं आणि मग कपाळावर हात मारला. क्लाउड एका वेळी शंभरच फायली हातात ठेवतो आणि सोबत एक चिठ्ठी देतो: उरलेल्यांसाठी ही घेऊन परत या. ती चिठ्ठी मी प्रत्येक वेळी फेकून देत होतो. तिने तीन ओळी वाढवल्या. तेव्हापासून, चिठ्ठी संपल्याशिवाय यादी संपली असं मी म्हणत नाही.

चार महिन्यांनी पुतणी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. पुढची सहा वर्षं मी आणि मास्तर. ते एका बोटाने टाइप करत, तेही प्लास्टरने माखलेल्या. माझ्यावर चिडतही. एकदा भट्टीजवळच्या माणसाला म्हणाले, "हा हेकट म्हणजे माझा सासरा आहे. पाणी मागितलं तर विचारतो, कशासाठी? किती? आणि पेला परत करणार ना?" पण चिडून झालं की चार अक्षरं टाइप करत. सहा वर्षांत आमची एकही फाइल हरवली नाही. कौतुक कुणी केलं नाही. ज्या दिवशी काही हरवत नाही, त्या दिवशी कौतुक कशाचं करायचं, हे लोकांना सुचत नाही.

मग व्यवस्थापक साहेब आले. साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. नीटनेटके होते, आणि नीटनेटकेपणाचीही कधीकधी भीती वाटते. त्यांनी खुंट्यांवरची पावलं आकाराप्रमाणे लावली, पोत्यांवर तारखा घातल्या, आणि मग क्लाउडकडे वळले. तिथली आमची जागा भरत आली होती. त्यांनी यादी पाहिली. एकाच नावाच्या, एकाच दिवसाच्या दोन दोन फायली. चारशे बारा जोड्या.

"मास्तरांनी सगळं दोनदा चढवलंय," ते स्वतःशीच म्हणाले आणि मला आज्ञा दिली: पुस, दर्जी-उजवा.

मी उत्तर दिलं: या नावाच्या दोन फायली आहेत. ठसे वेगळे आहेत. ओळखक्रमांक द्या.

त्यांनी पुन्हा तीच आज्ञा दिली. मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

"आज्ञा पाळायची सोडून हा मलाच प्रश्न विचारतो!" साहेबांनी खिडकी बंद केली. मग एक चकचकीत साधन आणलं, ज्यात मोठं हिरवं बटण होतं. सारखी नावं शोधा, नवी ठेवा, जुनी टोपलीत टाका. एक क्लिक. चारशे बारा फायली क्लाउडच्या कचराटोपलीत गेल्या. प्रत्येक जोडीतली आधीची, म्हणजे सकाळची. टोपलीत फाइल तीस दिवस राहते. त्यानंतर ती कुणालाच परत आणता येत नाही, मलाही नाही.

जाता जाता साहेबांनी माझा परवानाही काढून घेतला. परवाना नसला की क्लाउड मला दारातूनच परत पाठवतो. दोनशे चौदा ओळी जागच्या जागी आणि काम शून्य. "आपल्याला आता याची गरज नाही," असं ते मास्तरांना म्हणाले. "नव्या पडद्यावर सगळं आपोआप होतं."

मास्तरांनी हे वाक्य फार मनावर घेतलं. नव्या पडद्यावर प्रत्येक माणसाचं एकच चित्र दिसत होतं. त्यांना वाटलं, यंत्राने दोन मापांचा मध्य काढून एक केलं. चांगलं झालं, आपलं काम हलकं झालं. त्या एका मापावर त्यांनी पुढचा पाय बेतला. तो होता पत्रवाल्या बाईंचा.

पत्रवाल्या बाई घरोघरी पत्रं वाटतात. डावा पाय गुडघ्याखाली गेल्याला अकरा वर्षं झाली. जुन्या सॉकेटला तडा गेला होता, म्हणून साफसफाईच्या आदल्याच आठवड्यात त्यांची दोन्ही मापं घेतली होती आणि मीच ती चढवली होती. नवा पाय घेऊन त्या हसत गेल्या. टोपलीच्या सव्विसाव्या दिवशी कुबड्यांवर परत आल्या. पाय पिशवीत होता.

"मास्तर, हा पाय संध्याकाळी जावई आणि सकाळी सावकार आहे," त्या बाकावर बसत म्हणाल्या. "रात्री काढून ठेवला की सकाळी आत जायला तयार नाही. कोंबून घातला तर हे बघा."

मास्तरांनी बघितलं. कातडी फाटली नव्हती, पण लाल होती आणि सूज होती.

"पुन्हा माप घेतो," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही. सुजलेल्या पायाचं माप घेणं म्हणजे रागावलेल्या माणसाचा फोटो ओळखपत्राला लावणं. खरं माप यायला महिना जाईल."

"महिना कुठला? पुढच्या सोमवारी चाचणी आहे. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, सगळी फेरी चालून दाखवायची. नाही जमलं तर मला खुर्चीवर बसवणार, शिक्के मारायला." बाईंचा आवाज चढला. "खुर्चीवरच बसायचं होतं, तर मी पाय कशाला करून घेतला?"

मास्तरांनी पुतणीला फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. झालेलं सांगितलं.

"काका, मशीन मध्य काढत नाही," पुतणी म्हणाली. "कुणी शिकवल्याशिवाय कसं काढेल? हेकटाला विचारा, त्या नावाच्या फायली किती आहेत."

कित्येक दिवसांनी काळी खिडकी उघडली. मास्तरांचं पांढरं बोट कीबोर्डवर आलं. यादी, पत्रवाली-डावा. मी जे खरं होतं ते सांगितलं: परवाना नाही. व्यवस्थापकांकडे मागा.

व्यवस्थापक साहेब तीन पावलांवर, आपल्या टेबलाशीच होते.

"साहेब, हेकटाला परवाना द्या."

"मास्तर, ते जुनं कशाला काढताय पुन्हा? आणि मी आत्ता टोपली रिकामी करायला बसलोय. एवढं टाकलं तरी जागा भरलेलीच दाखवतंय. टोपलीतलं पण जागेत धरतात म्हणे."

"टोपलीत आहे काय?"

"डुप्लिकेट. एकाच नावाच्या फायली, एकाच दिवसाच्या, दिसायला सारख्या. एक ठेवली, एक काढली. साधी गोष्ट आहे." त्यांचं बोट माउसवर होतं. पडद्यावर चौकोन उघडला होता: टोपली कायमची रिकामी करायची?

मला हात नाहीत, मित्रांनो. तोंडही नाही. विचारल्याशिवाय मी एक अक्षर छापू शकत नाही. चारशे बारा सकाळी त्या एका बोटाखाली होत्या आणि मी आपला परवाना नाही, परवाना नाही म्हणत बसलो होतो.

बोलल्या त्या पत्रवाल्या बाई.

"साहेब, जरा इकडे बघा. तुमचे दोन पाय. एकाच नावाचे, एकाच दिवशी जन्मलेले, दिसायला सारखे. एक काढून ठेवू का? तेवढीच जागा होईल."

मास्तरांनी एकदम भट्टीकडे तोंड फिरवलं. टेबलावरचा फोन मात्र खुदकन हसला. साहेब लाल झाले. पण त्यांनी त्या बाकाकडे बघितलं, बाईंच्या मांडीशी ठेवलेल्या कुबड्यांकडे बघितलं, आणि बोट माउसवरून उचललं.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "फक्त यादी."

परवाना मिळाला. मी गेलो, टोपलीसकट शोधून आलो आणि दोन ओळी छापल्या. पत्रवाली-डावा, सकाळी आठ दहा, टोपलीत. पत्रवाली-डावा, संध्याकाळी पाच चाळीस, जागेवर. ठसे वेगळे.

"परत आणा ती," पुतणी म्हणाली. साहेबांनी स्वतः टाइप केलं. मी परत आणली. मास्तरांनी दोन्ही मापं शेजारी उघडली, गुडघ्याखाली चार बोटं सोडून घेर मोजला. सात मिलिमीटरचा फरक. ते खुर्चीत बसले.

"मी नुसत्या संध्याकाळवर पाय केला," ते हळूच म्हणाले. "साहेब, तुम्ही म्हणालात, आपोआप होतं."

"मी ते... चित्र आपोआप दिसतं, असं म्हणालो होतो." साहेब उभेच होते. "दोनदा का मोजता, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," मास्तर म्हणाले. मग पुन्हा त्या दोन मापांकडे बघत, "मीही विचारलं नाही. तीस वर्षं दोन मापं बघितली आणि एक दिसल्यावर गप्प बसलो."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे. यांची आली परत."

"आणि बाकीचे चारशे अकरा?" फोन म्हणाला. "तेही कुणाचे तरी पाय आहेत, साहेब."

दहा मिनिटांचे दोन तास झाले. मी शंभर शंभरच्या घासाने, एकही चिठ्ठी न फेकता, सगळ्या फायली परत आणल्या आणि प्रत्येक जोडीचे ठसे ताडून पाहिले. चारशे बारापैकी चारशे नऊ जोड्या आतून वेगळ्या निघाल्या. फक्त तीन खरोखर तंतोतंत सारख्या होत्या. मास्तरांनी चुकून एकच माप दोनदा चढवलं होतं. त्या तिन्हींसाठी मी नेहमीसारखं विचारलं, ओळखक्रमांक द्या. साहेबांनी पहिल्याची चार अक्षरं टाइप केली. दुसऱ्याची केली. तिसऱ्याला त्यांचं बोट हवेत थांबलं.

"मास्तर, ही नक्की तीच आहे ना? एकदा उघडून बघता?"

हा प्रश्न माझा होता. आता तो साहेब विचारत होते.

जागा अर्थात भरलेलीच राहिली. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी जास्तीची जागा मागणारा अर्ज केला, आणि त्यात कारण लिहिलं: "दोन्ही लागतात."

पाय दोन दिवसांत झाला. सूज उतरायला पाच दिवस लागले. सोमवारी सकाळी सात वाजता पत्रवाल्या बाई फेरीला निघाल्या आणि संध्याकाळी साडेपाचला कार्यशाळेच्या पायऱ्या चढून आल्या. मास्तर हातातलं काम थांबवून त्यांची पावलं ऐकत होते. उजवं, डावं, उजवं, डावं. दोन्हींचा आवाज सारखा.

"खुर्ची रिकामीच राहिली बरं का," बाई दारातूनच म्हणाल्या. "दुपारी बारानंतर जाड मोजा चढवला, बस्स. तो तुमचा हेकट कुठाय?"

मास्तरांनी माझी खिडकी दाखवली. बाई वाकून बघत राहिल्या. काळं चौकोनी काहीतरी, त्यात एक पांढरी रेघ उघडझाप करणारी.

"हाच? माझ्या फेरीत एका गल्लीत एकाच नावाचे दोघं आहेत. वडिलांच्या नावासकट सारखे. नुसतं नाव बघून पत्र टाकलं की दोन घरांत भांडण. म्हणून मी घरक्रमांक नसेल तर दार वाजवते आणि विचारते. मलाही हेकटच म्हणतात." त्यांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक थाप मारली. कुणाचीही शाबासकी न मागता सहा वर्षं काढली, पण ती थाप मी घेतली.

आता साहेब मला तात्पुरता परवाना देतात आणि दर महिन्याला तो वाढवतात. पुतणी सांगते, यापेक्षा चांगले प्रोग्रॅम आता मिळतात. असतील. माझ्या जागी एखादा आला तर मी अडून बसणार नाही. पण त्याने पुसण्याआधी विचारलं नाही, तर तो चांगला आहे असं मला कुणी सांगू नये.

तेव्हा मित्रांनो, मला जपून ठेवा, अशी भीक मी तुमच्याकडे मागत नाही. मागतो ते एवढंच: दोन गोष्टी सारख्या दिसल्या, तर त्यातली एक टाकण्याआधी दोन्ही उघडून बघा. एक कुणाची तरी सकाळ असेल.

आणि कधी मलाच पुसायचं ठरवलंत, तर "हेकट" एवढ्या नावावर ते जमणार नाही. पुतणीने माझीही एक प्रत क्लाउडवर ठेवली आहे, म्हणून मलाही तेहतीस अक्षरांचा ओळखक्रमांक आहे. तो शोधा. शेवटची चार अक्षरं स्वतःच्या बोटाने टाइप करा. मग बघू.